मी शिवेचा, शिवाचा नव्हे

घंटा वाजवू नका हो. आधीच कान किटलेत माझे. आणि तो नारळ पिशवीतच राहू द्या, माझ्या डोक्यावर आपटून काही मिळायचं नाही. बसा जरा. इथं दुपारी कुणी फिरकत नाही, तेवढ्यात सांगून घेतो. हो, मीच बोलतोय. तुम्ही ज्याच्यापुढं हात जोडून उभे आहात, तोच धोंडा.

मी देव नाही. शपथेवर सांगतो, पण शपथ घेऊ कुणाची? इथं सगळे माझीच शपथ घेतात! मी शिवेचा धोंडा. नीट ऐका, 'शिवाचा' नव्हे, 'शिवेचा'. गावाची हद्द दाखवणारा. एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरापायी माझं वाटोळं झालं. माझं झालं ते झालं, आक्काबाईचं झालं त्याचं मला जास्त लागतं.

माझा जन्म इथल्याच माळावरच्या खाणीतला. पाथरवटानं मला काढलं, अंगाला चारी बाजूंनी टाकी लावली, आणि वर पाणी साचू नये म्हणून डोकं गोल केलं. भला माणूस होता. त्याला काय ठाऊक, हेच गोल डोकं पुढं माझ्या मुळावर येणार!

तेव्हा इथं दोन गावांच्या मधोमध एक बुरूज होता. आज पश्चिमेकडच्या शेतांना बारामती तालुका म्हणतात आणि पूर्वेकडच्यांना इंदापूर, पण बुरूज त्याआधीचा. भोवती निवडुंग, त्याच्या पुढं बाभळीच्या फांद्यांची कूड. वर राखणदार बसायचे. परका घोडेस्वार दिसला की शिंग फुंकायचे, की गावातली गुरंढोरं आत. त्या बुरुजाच्या पायाशी मला पुरलं आणि छातीवर मोडी लिपीत कोरलं, 'शीव'. खाली दोन्ही गावांची नावं.

पुढं लढाया संपल्या, राखणदार गेले. लोकांनी बुरुजाचे चिरे उचलले. कुणी विहिरीला लावले, कुणी गोठ्याला. मला मात्र कुणी हात लावला नाही. शिवेचा धोंडा घराला लावला तर घर दुभंगतं, असं म्हणायचे तेव्हा. बुरूज असा बघता बघता नाहीसा झाला, आणि मी एकटा उन्हात उभा राहिलो.

एकटा म्हणजे तसा अगदीच एकटा नव्हे. नवरदेवाचं वऱ्हाड आलं की माझ्यापाशी थांबायचं. घरात कुणी आजारी पडलं की त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून माझ्या पलीकडं टाकायचे. माणसांची ही एक गंमत आहे बघा, चांगलं आत घ्यायचं आणि नको ते शिवेबाहेर टाकायचं. आता पलीकडंही माणसंच राहतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पलीकडचे त्यांचे तुकडे अलीकडं टाकायचे, एवढंच.

मग कालवा आला. कालव्यामागं ऊस आला, उसामागं ट्रॅक्टर. वऱ्हाडं जीपमधून डांबरी रस्त्यानं जायला लागली. माझ्याभोवती घायपात माजली आणि नव्या पिढीला मी आहे हेही ठाऊक राहिलं नाही. तिघंच काय ते आपणहून माझ्याकडं यायची. त्या तिघांची ही गोष्ट.

पहिली आक्काबाई. धनगराची, नवरा लवकर गेला, पण तिनं मेंढरं सोडली नाहीत. माझ्या पूर्वेला तिचं रान. थोडं जिरायत, थोडी पड. आणि त्या रानाच्या कडेनं, मला अगदी लागून, कालव्याकडं जाणारी पाणवाट. तिच्या मेंढरांना पाणी पाजायची तेवढी एकच वाट, बाकी चहूकडं लोकांचा ऊस. ती वाट आहे तोवर मेंढरं आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेंढरं माझ्या अंगाला पाठ घासायची. घासून घासून माझा डावा कोपरा गुळगुळीत झालाय, हात लावून बघा.

दिवाळी झाली की ती मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, जेठ लागायच्या आत परत यायची. निघताना माझ्या कपाळाला हळद लावायची आणि दटावायची, "ध्यान ठिव रं, म्हाताऱ्या. झोपा काढू नकू." मला म्हातारा म्हणणारी ती एकटीच. बरं वाटायचं.

दुसरा मानसिंग. पश्चिमेकडचं रान त्याचं, सगळा ऊस. माणूस गोड बोलणारा, हसतमुख. आक्काबाईला भाऊ नव्हता. एका दिवाळीत मानसिंगच तिच्या पालापाशी गेला आणि म्हणाला, "आक्का, आजपासनं भाऊबीज माझ्याकडं." तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची आणि तो तिला लुगडं द्यायचा. शेजार असावा तर असा, असं मलाही वाटायचं. मी धोंडाच, अक्कल ती किती असणार!

तिसरे तात्याबा गुरुजी. ह्यांच्याबद्दल बोलणं सोपं नाही. चौथीच्या पोरांना घेऊन ते घायपातीतून वाट काढत माझ्यापर्यंत यायचे. धोतर सावरत खाली बसायचे, माझ्या छातीवरची माती पुसायचे आणि अक्षरावर बोट ठेवायचे.

"वाचा. मोडी हाय, तुमाला न्हाय यायची. शीव. दुसरी वेलांटी. का दुसरी? कारण हा शब्द सीमेपासनं आलाय. ग्रामाचं काय झालं?"

पोरं ओरडायची, "गाव!"

"नामाचं?"

"नाव!"

"मग सीमंचं?"

"शीव!"

"शाब्बास! 'म' झिजला, त्याचा 'व' झाला. सरहद्द म्हंत्यात ती बाहेरनं आलेली, फारशीतनं. सर म्हंजे डोकं, हद्द म्हंजे कड. पण शीव आपली घरची हाय. अन् शीव म्हंजे नुसती रेघ न्हवं. रेघ कुणीबी मारतंय. हितं बुरूज हुता, कूड हुती, राखणदार हुता. राखलेली हद्द, तिला म्हणायचं शीव. अन् तिच्या आत पिकतं ते शिवार."

मेंढरं पाण्यावर सोडून आक्काबाईही पोरांच्या मागं उभी राहून ऐकायची. एकदा म्हणाली, "गुरुजी, ह्या म्हाताऱ्याला एवढं मोठं घराणं हाय व्हय! मी आपली घासणीचा दगड समजत हुते." पोरं हसली, गुरुजी हसले, मीही हसलो असतो. माझ्या नावाचा अर्थ मला त्या माणसानं सांगितला. तोवर मला नुसतं उभं राहणं माहीत होतं, कशासाठी ते नव्हतं. गुरुजी येणार म्हटलं की मला सण वाटायचा.

पंच्याण्णव सालची दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आक्काबाई निघाली, तेव्हा मानसिंग पोचवायला आला होता.

"दादा, पाणवाटंकडं ध्यान असू द्या. कुणी काट्या टाकल्या तर काढा."

मानसिंगनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आक्का, शिवंवर हात ठिवून सांगतू. तुजी वाट म्हंजी माजी वाट."

शब्द अगदी खरा केला बघा त्यानं! तिची वाट त्याची करून दाखवली.

ती कोकणात उतरली असेल नसेल, तोवर एका सकाळी मानसिंग ट्रॅक्टर घेऊन आला. संगं कुणी नाही. घायपात उपटली, माझ्या कमरेला साखळी बांधली. मला वाटलं, कालव्याचं काम असेल. ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि मी मुळापासून उपटलो. इतकी वर्षं जमिनीत होतो, खालचा अर्धा भाग कधी उजेडात आला नव्हता. लाज वाटली हो! कुणी आपलं धोतर फेडावं तसं झालं. त्यानं मला ओढत पाणवाटेच्या पलीकडं नेलं, आक्काबाईच्या रानात. तिथं खड्डा खणून मला आत टाकलं आणि वरून माती लोटली. अंधारात पडल्या पडल्या मी विचार करत होतो, हा करतोय तरी काय?

कळलं महाशिवरात्रीच्या आधी. मोठमोठ्यानं ओरडा ऐकू आला. "देव लागला! नांगराला देव लागला!" माती बाजूला झाली. वर माणसांची गर्दी, आणि सगळ्यांत पुढं मानसिंगची आई प्रयागबाई, डोळ्यांत पाणी. तिला लेकाची करामत ठाऊक नव्हती, तिच्यावर माझा राग नाही. तिनं पदरानं माझं डोकं पुसलं आणि गोल डोकं बघून हंबरडाच फोडला, "म्हादेवा! आमच्या रानात आलास रं!"

आमच्या रानात! अगं बाई, रान आक्काबाईचं!

पण गर्दीला कोण सांगणार? शिवेचा खरा धोंडा कुठं होता ते तिथल्या तरण्यांना ठाऊक नव्हतं, आणि गुरुजींच्या चौथीतल्या पोरांना कुणी विचारलं नाही. ज्यांना ठाऊक असेल ते म्हातारे केव्हाच गेले होते. पाणवाटेच्या आणि माझ्याही पलीकडं, आक्काबाईच्या रानात बाभळींची एक रांग होती, मानसिंग तिच्याकडं बोट दाखवून सांगू लागला, "शीव ती. पहिल्यापासनं तीच." म्हणजे देव निघाला ती जागा त्याच्या रानात, आणि पाणवाटही त्याच्याच रानात.

महिनाभरात मंदिर उभं राहिलं. माझ्या बुडाशी पिंडीला असते तशी सिमेंटची साळुंका केली. छातीवर खाली कोरलेली दोन्ही गावांची नावं त्या सिमेंटात गेली. वर उरला तो एकच शब्द, 'शीव'. सकाळ-संध्याकाळ दूध, बेल, घंटा. लोक येऊन पोरगं मागायचे, पाऊस मागायचे, कारखान्याची ऊसतोड लवकर मागायचे. मी मनात म्हणायचो, बाबांनो, मी हद्द सांगू शकतो, त्यापलीकडं माझी हद्द नाही.

आक्काबाई आली तेव्हा वैशाख भाजून काढत होता. मेंढरं दूरवरून चालून आलेली, तहानलेली. पाण्याच्या वासानं ती नेहमीच्या वाटेनं पळत सुटली आणि तारेच्या कुंपणावर जाऊन आदळली. आत हिरवागार ऊस. पुढची मेंढी तारेत अडकून ओरडत होती. आक्काबाईनं तिला सोडवलं, इकडंतिकडं बघितलं, आणि मंदिर बघून सरळ आत आली. पायांत धूळ, हातात काठी. मला बघितलं. डावा कोपरा चाचपला.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तू हितं काय करतूस?"

मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी ओळखलं होतं. काय वाटलं ते सांगता येत नाही.

तिनं गाव गोळा केलं. मंदिरापुढं माणसं बसली. मानसिंग मांडी घालून, कपाळाला भस्म लावून.

"दादा," आक्काबाई म्हणाली, "ह्यो शिवंचा धोंडा हाय. तुमीच हात ठिवला हुता न्हवं ह्याच्यावर? माजी पाणवाट सोडा."

"आक्का, मी तुजा भाऊ हाय, खोटं बोलन व्हय? शिवंचा न्हवं गं, शिवाचा! तुज्या कानाला तसं लागतंय. ह्यो देव नांगराला लागलाय, समद्या गावानं बघितलंय."

लोक हसले. शिवंचा, शिवाचा. तिच्या बोलण्यातला फरक लोकांना ऐकूच आला नाही, किंवा ऐकायचा नव्हता.

"मग मोजणी आणते मी. सरकारी," ती म्हणाली.

तशी प्रयागबाई पुढं झाली आणि तिनं आक्काबाईचे हातच धरले. "बया, देवाच्या अंगणात साखळ्या वढणार? त्येला उठवणार? तूबी शिंगणापूरच्या म्हादेवाला जाणारी हायंस. पाप कुठं फेडशील?"

आक्काबाईनं हात सोडवून घेतले नाहीत. ती श्रद्धेची बाई. खरंच देव असला तर, ही भीती तिच्याही पोटात होती, आणि मानसिंगनं नेमकी तीच हेरली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वळून म्हणाली, "बरं. देव असंल तर मी उठवणारी कोण? वाट सोडते, मेंढरंबी इकते. पण त्येच्या छातीवर काय लिवलंय ते गुरुजींनी वाचावं. गुरुजी म्हंतील ते खरं."

माझ्या जिवात जीव आला. गुरुजी! आता बोला, मानसिंग.

गुरुजींना आणलं. सगळे बाजूला झाले. ते खाली बसले, तसेच, धोतर सावरून. माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय, गुरुजी?" कुणीतरी विचारलं.

आक्काबाई घाईनं म्हणाली, "गुरुजी, तुमी पोरांना सांगत हुता बघा. गावाचं काय हुतं... नावाचं... अन् त्यावरनं ह्येचं... मला आता आठवंना. सांगा की! तुमीच सांगत हुता न्हवं?"

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मीही. एवढंसं तर होतं, ग्रामाचं गाव, नामाचं नाव. तिला सापडत नव्हते ते दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते.

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं नाही. मानसिंगकडंही नाही. जमिनीकडं बघून म्हणाले, "मोडीत वेलांटी एकच असती. पहिली न्हाय, दुसरी न्हाय. हितं शिव लिवलंय. म्हादेवाचं नाव हाय."

खोटं एका शब्दाचंही नव्हतं त्यांच्या पहिल्या वाक्यात. मोडीत वेलांटी एकच असते, हे खरंच आहे. खऱ्याचाच आडोसा करून त्यांनी मला विकलं. लोकांनी "हर हर महादेव" केलं आणि प्रयागबाईनं गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं.

का केलं, ते मला पुढच्या सोमवारी कळलं. गुरुजींची लेक दिपाली पेढे घेऊन आली. शिकून दोन वर्षं घरी बसली होती, आता मानसिंगच्या ओळखीनं भिगवणकडच्या एका शाळेत लागली. पोरगी गुणाची. डोळे मिटून मनापासून हात जोडले तिनं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी तिच्यावर कसा रागवू? पण तो पेढा माझ्यापुढं ठेवला तेव्हा मला वाटलं, ह्या चौथऱ्यासकट खचून जमिनीत जावं.

मानसिंगचं मला वाईट वाटत नाही. तो चोर होता, चोरासारखा वागला. वाईट वाटतं ते गुरुजींचं. ज्याला माझा अर्थ ठाऊक नव्हता त्यानं मला उपटलं तर उपटलं. ज्यानं मला माझा अर्थ शिकवला, त्यानं तो माझ्या तोंडावर पुसावा?

ते एकदा एकटेच आले होते. दुपार होती, आत्ताच्यासारखी. माझ्या छातीवरचा बेल बाजूला सारला, बोट फिरवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शीव. दुसरी वेलांटी." डोळे पुसले, आजूबाजूला बघितलं आणि निघून गेले. अहो, मला कशाला सांगता? मला ठाऊक आहे की! त्या दिवशी माणसं बसली होती तेव्हा सांगायचं होतं.

आक्काबाईनं निम्मी मेंढरं उन्हाळ्यातच विकली. उरलेल्यांसाठी लांबून वळसा घालून पाणी आणायची. इकडं माझ्या डोक्यावर रोज तांब्यानं दूध, आणि तिकडं तिची कोकरं तारेपलीकडं उभी राहून कालव्याकडं बघायची. भाऊबीजेला मानसिंगनं लुगडं पाठवलं होतं. तिनं ते शिवेबाहेर टाकलं, म्हणजे बाभळींच्या रांगेच्या अलीकडं, माझ्या बाजूला. तिथं ते पावसापाण्यात कुजून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. मी वाट बघत होतो. येईल, हळद लावेल, दटावेल. ती मंदिरावरून गेली, पण आत आली नाही. तारेपाशी थांबली. उसात जिथं मी पूर्वी उभा होतो, तिथं तोंड केलं. कनवटीची हळद काढली, तारेतून हात घालून त्या मातीवर टाकली आणि म्हणाली, "तू तरी ध्यान ठिव गं माती. म्हातारा तर फितूर झाला."

फितूर! मी? अगं आक्के, मी कुठं फितूर झालो? मला तोंड कुठं होतं? ज्याला तोंड होतं तो खोटं बोलला, आणि बोल मला लागला! मेंढरं पुढं गेली. एका कोकरानं माझ्याकडं मान वळवली, तिनं त्याला काठीनं हाकललं. त्यानंतर ती ह्या वाटेनं परत आली नाही. कुणी म्हणतं तिकडंच पेणच्या बाजूला राहिली, कुणी म्हणतं उरलेली मेंढरंही गेली. मला नक्की कोण सांगणार?

अशी तीन वर्षं झाली. आता मंदिराला रंग देणार आहेत. दारावर मोठ्या अक्षरात नाव लिहायला रंगारी येणार आहे, पहिल्या वेलांटीचं 'शिव'. एकदा ते लिहिलं की पुढच्या पिढीला दुसरी वेलांटी कधी होती, हेही कळायचं नाही.

तुम्ही वाटसरू दिसता, परत जाताना कुठंही जाल. कोकणाच्या वाटेवर, घाटात, कुठं मेंढरं दिसली आणि मागं काठी घेतलेली, म्हाताऱ्या माणसालाही दटावणारी एखादी बाई दिसली, तर तिला विचारा, आक्काबाई तूच का. आणि हो म्हणाली तर तिला तेवढं सांगा, तिला त्या दिवशी आठवत नव्हतं ते.

ग्रामाचं गाव झालं. नामाचं नाव झालं. सीमेची शीव झाली.

आणि म्हातारा फितूर झाला नव्हता, हेही सांगा.